आठ दिवसांसाठी बांधलेली तार

मी एक जुनी, गंजलेली काटेरी तार आहे. मित्रांनो, माझ्याकडे कुणी कौतुकाने पाहावे असे माझे रूप नाही, आणि आता तशी इच्छाही उरलेली नाही. तरीही मला बोलायचे आहे. एका भल्या जिवाला माझ्यामुळे जावे लागले. ते मनात ठेवून गंजत राहण्यापेक्षा तुमच्यापाशी बोलावे, असे मला वाटते.

माझा जन्म कानठळ्या बसवणाऱ्या एका कारखान्यात झाला. दोन सरळ तारा एकमेकींत पिळल्या, दर चार बोटांवर एक काटा आवळून बसवला आणि वरून जस्ताचा मुलामा दिला. तेव्हा मी चांदीसारखी चमकत असे. तिथल्या कारागिराने माझे एक टोक खुंटीला अडकवले, भिंतीला पाय लावला आणि दुसरे टोक जीव खाऊन ओढले. मी हूं की चूं केले नाही. "ही काही तुटायची नाही," कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. तुटायचे नाही, एवढी एकच गोष्ट मला शिकवली गेली होती आणि ती मी मन लावून शिकले होते.

मला विकत घेतले ते दादांनी. दादांचा घोड्यांचा तबेला होता. तबेल्यापुढे उताराचे मोठे कुरण आणि तबेल्यामागे भाजीचा मळा. मला त्या मळ्याभोवती बांधले. रानडुकरे यायची, नाक खुपसायची, मी टोचले की गुरगुरत मागे सरायची. दहा वर्षे मी तो मळा राखला. दादा येता-जाता मला थोपटायचे, अर्थात काटे चुकवून! "हिच्या जिवावर आपण भाजी खातो," असे ते पाहुण्यांना सांगायचे, आणि मी आणखी ताठ व्हायचे.

पुढे विहिरीचे पाणी आटले आणि मळा बंद झाला. मला गुंडाळून वैरणीच्या खोलीत एका खुंटीवर टांगले. चमक गेली, गंज चढला. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. तिथे टांगल्या-टांगल्या खिडकीतून मला कुरण दिसायचे.

कुरणाचे कुंपण जाड लाकडी फळ्यांचे होते. तसा वहिनींचा आग्रहच होता. वहिनी म्हणजे दादांची बायको. तबेल्यातले म्हातारे मोतद्दार त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. या मोतद्दारांना सगळे काका म्हणत. घोड्यांचे खरारे, खूर, दाणापाणी, सगळे त्यांच्याच हाती. त्यांचा एक नियम होता. कुंपणात काहीही नवे झाले, एखादी फळी जरी बदलली, तरी प्रत्येक घोड्याला दोरीने धरून तिथे न्यायचे, थांबवायचे, हुंगू द्यायचे. "घोडा डोळ्यांनी कमी आणि आठवणीने जास्त पळतो," असे ते म्हणायचे. "एकदा त्याला हद्द दाखवली की ती त्याच्या डोक्यात बसली."

तबेल्यात पाच जनावरे होती. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या तांबूस घोडीला सगळे मावशी म्हणत. तिला स्वतःचे शिंगरू कधी झाले नाही, पण दुसऱ्यांची कितीतरी तिने वाढवली. त्या वर्षी एक शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, जन्मताच आईवेगळी झाली होती. खोडकर म्हणून तिचे नाव ठकी. ठकी मावशीच्या पोटाखालून हलायची नाही. मावशी दोन पावले चालली की ठकी दोन पावले. दूध वहिनींनी बाटलीने पाजले, पण माया मावशीने लावली.

आता माझ्या त्या दिवसाचे सांगते. कुरणाच्या मधोमध गवत पार उडाले होते. रोज सकाळी काका तबेल्याच्या दाराशी पत्र्याची बादली वाजवत. ती ऐकली की सगळी घोडी उतारावरून धावत दाण्याला येत. त्या धावण्याने मधली जमीन उघडी पडली होती. दादांनी तिथे नवे बी पेरले आणि तेवढ्या तुकड्याभोवती फळ्यांचे कुंपण करायचे ठरवले. फळ्या यायला आठ दिवस होते. दादांची नजर वैरणीच्या खोलीतल्या खुंटीवर गेली.

"काटेरी तार?" वहिनींनी विचारले. "घोड्यांना?"

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"अहो, डुकराला टोचलं की ते मागे सरतं. घोडं अडकलं की ओढतं. शिवाय ही बारीक तार त्याला लांबून दिसणार आहे का?"

"मग तू चिंध्या बांध तिला. नाहीतरी घरात जुन्या चादरी साठवून ठेवल्याच आहेस, आहेराला द्यायच्या असल्यासारख्या."

वहिनी हसल्या आणि खरेच एक पांढरी चादर फाडून त्यांनी माझ्या अंगावर पट्ट्या बांधल्या. मित्रांनो, खरे सांगते, मला फार आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला खाली उतरवले होते आणि वर नटवलेही होते. मी मनात म्हटले, पुन्हा कामाला आले.

संध्याकाळी काकांनी आणि वहिनींनी एकेका जनावराला धरून माझ्याभोवती फिरवले. ठकीने मला हुंगले आणि फटकन शिंकली. काका म्हणाले, "हिला आवडली नाही बरं का, वहिनी. बरं झालं." चारही जनावरे झाली. उरली मावशी. ती उताराच्या वरच्या टोकाला, झाडाखाली, एक पाय सैल सोडून डुलक्या घेत होती.

"हिला आणू का?" वहिनींनी विचारले.

"तिला काय दाखवायचं?" काका हसत म्हणाले. "हे कुरण तिला आपल्यापेक्षा पाठ आहे. तिनंच आपल्याला दाखवावं! झोपू दे म्हातारीला."

वहिनीही हसल्या. दोरी खांद्यावर टाकून दोघे परत गेले.

कुरण तिला पाठ होते, म्हणूनच तर तिला दाखवायला हवे होते. नवख्या घोड्याने पाहत-पाहत पाऊल टाकले असते. मावशी पाहणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुके उतरले. माझ्या पांढऱ्या पट्ट्या त्या पांढऱ्या धुक्यात विरून गेल्या. काकांनी बादली वाजवली. चार जनावरे, दाण्याच्या ओढीने ठकीही, पुढे धावत आली आणि आदल्या दिवशी दाखवलेल्या हद्दीपाशी वळून कडेने गेली. मावशी मात्र आपल्या रोजच्या वाटेने सरळ आली. तिच्या टापा मला जमिनीतून जाणवत होत्या. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. आले असते तर मी त्या दिवशी ओरडले असते.

तिचा पुढचा उजवा पाय माझ्या वरच्या आणि खालच्या पदरांमधून गेला. ती ओढू लागली. ती जसजशी ओढत गेली, तसतशी मी आवळत गेले. मला तुटायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून तुटायचे होते, आणि ते मला येत नव्हते.

वहिनी अनवाणी धावत आल्या. त्यांनी अंगावरची शाल काढून मावशीच्या डोळ्यांवर टाकली आणि तिची मान छातीशी धरली. "उभी राहा गं बाई. ओढू नकोस. मी आहे ना, उभी राहा." आणि मावशी उभी राहिली! थरथरत होती, पण वहिनींनी सांगितले म्हणून उभी राहिली. दादा पक्कड आणायला धावले. ती जागेवर सापडेना. त्यांनी वैरणीची सगळी खोली उलटीपालटी केली. तेवढा वेळ काका गुडघ्यांवर बसून नुसत्या हातांनी माझे काटे सोडवत होते. त्यांच्या आणि मावशीच्या रक्तात मला फरक कळला नाही.

शेवटी पक्कड आली. मला तीन ठिकाणी कापले. तुकड्यांची वेटोळी करून कुणीतरी तबेल्याच्या मागच्या भिंतीशी भिरकावली. पुढचे सगळे मी त्या भिंतीआडून ऐकले.

घोड्यांच्या डॉक्टर आल्या. वयस्क बाई, हळू बोलणाऱ्या. पाणी ओतून जखम धुतल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "कातडी शिवता येते हो, दादा. पण पायामागे दोरीसारखी शीर असते ना, पाऊल पेलून धरणारी, तीच जवळजवळ कापली गेलीय. जखम सांध्यापर्यंत पोचलीय."

"पण जुळेल ना?" वहिनींचा आवाज.

"बांधून बघू. दहा-बारा दिवस. पण एक लक्षात ठेवा. आता सगळा भार दुसऱ्या पुढच्या पायावर येणार, तोही आतून निकामी होऊ शकतो. रोज सकाळी त्या दुसऱ्या पायाच्या खुराला हात लावून बघा. थंड असेल तर आशा आहे. गरम लागला, तर मला बोलवा."

त्या दिवसापासून वहिनींनी मनाशी धरले, मावशीने घास घेतल्याशिवाय आपण घ्यायचा नाही. रोज पहाटे त्या येत. आधी काही क्षण शांतता. मला कळायचे, आता हात जोडले असतील. मग त्या वाकून खुराला हात लावत. "थंड आहे," असे हळूच म्हणत. त्या दोन शब्दांवर माझा पुढचा दिवस जायचा.

"वहिनी, तुम्ही उपाशी राहिल्यानं घोडीचा पाय जुळणार आहे का?" एकदा काकांनी विचारले.

"नाही जुळणार. पण तिला एकटीला तरी सोसायला नको." मग त्या मावशीला म्हणाल्या, "खा गं भवाने! माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

मावशी खायची. हळूहळू, उपकार केल्यासारखी, पण खायची.

सहाव्या दिवशी काकांचा बांध फुटला. "माझ्या जिभेला काही हाड नाही, वहिनी. तिला काय दाखवायचं म्हणालो मी. आयुष्य गेलं माझं घोड्यांत, आणि एका गमतीपायी..."

"तुम्ही म्हणालात आणि मी हसले," वहिनी म्हणाल्या. "सारखंच आहे ते."

"आणि ती तार खुंटीवरून मी उतरवली," दारातून दादा म्हणाले.

आठव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, फळ्या आल्या. नव्या लाकडाचा वास भिंतीमागे माझ्यापर्यंत आला. गाडीवाल्याने विचारले, "कुठे उतरवू?" शेवटी त्याने त्या दारातच उतरवल्या. दादा त्या फळ्यांच्या ढिगावरच बसून राहिले.

अकराव्या दिवशी पहाटे वहिनी आल्या. शांतता झाली. त्या वाकल्या. मी त्या दोन शब्दांची वाट पाहत राहिले. ते आले नाहीत. बऱ्याच वेळाने त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही बघा हो एकदा. माझेच हात गरम असतील."

काकांनी पाहिले. मग डॉक्टरांना बोलवायला त्यांनी दादांना हाक मारली.

मावशीने त्या दिवशी घास घेतला नाही. डॉक्टर आल्या, त्यांनी दोन्ही पाय तपासले आणि म्हणाल्या, "आता हिला उभं ठेवणं म्हणजे आपल्या समाधानासाठी तिला छळणं आहे."

"तिला दुखेल का?" वहिनींनी विचारले.

"नाही. झोप लागेल."

वहिनींनी तिच्या डोळ्यांवर हात ठेवला असावा, कारण त्या तेच शब्द म्हणत होत्या, "मी आहे ना." पण या वेळी 'उभी राहा' म्हणाल्या नाहीत. "बस आता, बाई," म्हणाल्या. "खूप उभी राहिलीस." मग काहीतरी जड, सावकाश खाली टेकले. तबेल्यातल्या शेजारच्या खणातून ठकी खिंकाळली. कुणी उत्तर दिले नाही, म्हणून पुन्हा खिंकाळली. दिवसभर ती थांबून-थांबून तेच करत राहिली.

नवे कुंपण झाले. रुंद फळ्या, त्यांना पांढरा रंग, टोकदार असे कुठे काही नाही. वैरणीच्या खोलीच्या दारातच आता पक्कड टांगलेली असते, असे काकांच्या बोलण्यातून कळते. सगळे किती नीट केले त्यांनी! फक्त एक राहिले. मी. दादांना वाटले काकांनी मला उचलले, काकांना वाटले वहिनींनी, आणि वहिनी या भिंतीकडे येतच नाहीत. माझ्यावर आता गवत वाढले आहे. वरून पाहिले तर मी दिसत नाही.

पण ठकीला मी सापडले. माझ्या एका काट्यात मावशीच्या पायाचे चार तांबूस केस अडकून राहिले आहेत. तबेला धुतला, पेंढा बदलला, मावशीचा वास सगळीकडून गेला. तो उरला आहे फक्त माझ्यापाशी. ठकी रोज सकाळी दाण्याच्या वेळी इतरांना सोडून, तबेल्याला वळसा घालून इथे येते. मान खाली घालते, गवत बाजूला सारते, त्या केसांवर नाक टेकवते आणि डोळे मिटून उभी राहते. मी श्वाससुद्धा घेत नाही, असे म्हणाले असते, पण मला श्वास कुठला! मला नुसते काटे आहेत. आणि तिचा पाय माझ्या वेटोळ्यापासून एक वीत अंतरावर असतो.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचे कुणी घोडी पाळत असेल, तर त्यांना माझ्याबद्दल सांगा. कुरणाला फळ्या लावा म्हणावे, मला आठ दिवससुद्धा लावू नका. आणि जुनी तार काढलीत तर तिचा शेवटचा तुकडा मिळेपर्यंत गवतात वाकून शोधा. ते चार केस सोडवून ठकीच्या खणात कुठेतरी ठेवता आले, तर तेवढे ठेवा. मला मात्र कुठेतरी खोल पुरून टाका, जिथे कुणाचे पाऊल पडत नाही. कुणीतरी लवकर या. आज ती आणखी पुढे सरकली आहे, आणि तिचे नाक फार मऊ आहे.