आवरलेलं घर

गजराबाई झाडू घेऊन अंगणात आल्या आणि थबकल्या. अंगण झाडून झालं होतं. सडाही पडला होता, माती अजून ओली होती. दिवाळीपासून हे काम त्यांच्याच कंबरेवर पडलं होतं, आणि आता उन्हं तापायला लागली होती. त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण झाडू कोपऱ्यात ठेवायला मन घेईना.

मोरीत भांड्यांचा ढीग नव्हता. दोरीवर रुचिकाचे शाळेचे ड्रेस वाळत होते. सून चारुलता न्हाऊन, केस विंचरून ओट्याशी उभी होती.

"आत्या, चहा ठेयेल शे. तुम्ही बसा."

"आज कोणी येणार शे का?"

"नही. कितला दिननं काम पडेल व्हतं. करी टाकं."

नंदुरबारच्या डॉक्टरांनी चारुलताच्या दुखण्याला डिप्रेशन म्हटलं होतं, त्यांच्या कोरीट गावातल्या गल्लीनं आळस. गजराबाई आधी गल्लीच्या बाजूनं होत्या. मग एकदा त्यांनी तिला पेला धुताना पाहिलं. नळ वाहत होता, पेला हातात होता, आणि पुढे काय करायचं तेच आठवत नसल्यासारखी ती त्याच्याकडे बघत उभी होती. त्या दिवसापासून गजराबाईंनी तिला बोल लावणं सोडलं. कुरकुर मात्र सोडली नाही. गुडघे दुखत असताना घरभराची भांडी घासणारी बाई कुरकुरणारच.

नात रुचिका दप्तर पाठीला लावून आली. तिच्या दोन्ही वेण्या वाकड्या होत्या, एक तर कानावरच सुटत आली होती.

"आजी, मन्ह्या वेण्या मी घाल्यात! मम्मीनी शिकाडं. आते रोज मीच घालसू."

चारुलतानं ती सुटणारी वेणी नीट केली नाही. नुसता हात फिरवला. शाळेची रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी ती दारातच उभी होती.

तेवढ्यात भूपेंद्र शर्टाची बटणं लावत आला. सरकारी कचेरीत कारकून असलेला हा गजराबाईंचा मुलगा आज फारच खुशीत होता. कित्येक महिन्यांनी त्याला सकाळी घर घरासारखं दिसलं होतं, त्याला दोष तरी कसा द्यायचा?

"आई, तिनी माले मशीन शिकाडं! कोनतं बटन, कितली पावडर, समदं. गॅसवालाना नंबरबी मोबाईलमां टाकी दिधा." तो हसला. "पुरा चार्जच दिधा माले. जशी काय बदली व्हयनी तिनी!"

गजराबाईही हसल्या. मग हातातल्या चहाकडे बघताना त्यांना रुचिकाच्या वाकड्या वेण्या आठवल्या.

"गोळ्या आते बंद करूत म्हने," भूपेंद्र सांगत होता. "बरी व्हई गई ती."

कपबशी खाली ठेवून त्या उठल्या. काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं; इतकंच कळत होतं की या घरातलं सगळं काम असं संपलेलं राहता कामा नये. त्यांनी ज्वारीची कोठी उघडली, सूपभर काढली, आणखी सूपभर काढली, आणि सगळ्यात मोठ्या पातेल्यात ओतून वर पाणी सोडलं.

चारुलता धावत आली.

"आत्या, हाई काय करं?"

"बिबडासाठे भिजाडी. दोन-तीन दिन भिजाव लागस. मंग घाटा तू हाटशी. मन्हा हात चालतस नही."

ज्वारीच्या पापडांचा, म्हणजे बिबड्यांचा, दाट घाटा चुलीवर ढवळून हाटायला दणकट हात लागतात हे खरंच होतं. पण चारुलताचा चेहरा उतरला.

"मन्हावर नका सोडा, आत्या. मन्हावर काहीच नका सोडा."

गजराबाईंना भीती वाटली. त्यांनी ओले हात लुगड्याला पुसले आणि ती गोष्ट बोलल्या, जी त्यांनी नवऱ्यालाही तो जिवंत असेपर्यंत सांगितली नव्हती.

"चारू, मीबी एकदाव असंच घर आवरेल व्हतं. भूपेंद्र तान्हा व्हता. समदा डबा भऱ्यात. कोठे काय शे ते जाऊले सांगं. आनि मळामां गऊ, विहीरवर."

चारुलता वळून बघायला लागली.

"संध्याकाय लगून बठनू आनि माघारी उनू. कोणी ईचारं नही, कोठे गयथी म्हनीसन. समदा म्हनेत, गजरानी आज घर कशं चकाचक करं!" त्यांनी तिचं मनगट धरलं. "मी तुले ईचारस. तू कोठे चालनी?"

बाहेर भूपेंद्र मोटारसायकल पुसत गुणगुणत होता. चारुलतानं दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारावं तितका.

"आज नही, आत्या. रुचिकाना ड्रेस अजून वला शे."

गजराबाईंनी मनगट सोडलं नाही.

"भूपेंद्र! आज हापीस ऱ्हाऊ दे. डॉक्टरकडे जानं शे. आम्हना दोन्हीसले रिक्षा बलाव."

"आते? ती ते बरी शे ना!" म्हणत तो आत आला. आईचा चेहरा पाहिला, बायकोचा पाहिला, आणि काही न विचारता फोन लावायला लागला.

रिक्षा आली. दोघी एकमेकींना धरूनच दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याशी चारुलता थांबली. गजराबाईंनी पकड घट्ट केली.

"पानी कमी पडी," ती म्हणाली. "जवारी फुगस."

गजराबाई तिच्याबरोबर माघारी वळल्या. एक मनगट सासूच्या हातात तसंच राहू देऊन चारुलतानं दुसऱ्या हातानं तांब्या भरला आणि पातेल्यात ओतला. मग आणखी एक.