अण्णांना मिळालेलं काम

माझा धाकटा भाऊ नट आहे. म्हणजे मालिकेत ऑपरेशन थिएटरचं दार उघडून बाहेर येतो, चष्मा काढतो आणि "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणतो, तो. एकदा डॉक्टर झाला तो झालाच, पुढे कुणी दुसरं काम देईना. गल्लीतही त्याला डॉक्टरच म्हणतात. मेल्याला स्वतःची सर्दी बरी करता येत नाही.

चाळिशी उलटल्यावर एका सिनेमात त्याला मोठं काम मिळालं. यातून नाव झालं नाही तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं. म्हणून त्यानं पब्लिसिटीवाली ठेवली. बाई कामाला चोख. आमच्या बाहेरच्या खोलीत बसून तिनं सरळच सांगितलं, "चांगलं काम करता, ही काही बातमी नाही. लोकांना गोष्ट लागते. घरून विरोध होता का?"

आतल्या खोलीत अण्णा, म्हणजे आमचे वडील, मशीनवर बसले होते. उभा जन्म शिंपीकामात गेलेला माणूस. धाकट्याच्या पहिल्या नाटकाचे कपडे त्यांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून शिवले होते आणि प्रयोगाला टेप गळ्यात तशीच ठेवून पुढच्या रांगेत बसले होते. विरोध कसला, डोंबलाचा!

धाकटा काहीच बोलला नाही. बाईनं तोच होकार धरला.

आठवड्याभरात छापून आलं, 'बापानं घराबाहेर काढलं, आता पडद्यावर झळकणार.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटली रे तुला?" मी म्हटलं. अण्णांनी मात्र चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "नुसतं हाकललं, की मारलंही?"

मग एका चॅनेलला बाप-लेकाची मुलाखत हवी झाली. बाई अवघडून म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर हे खोटे ठरतील, अण्णा. मग यांचं काही खरं नाही."

"त्यात काय एवढं?" अण्णा म्हणाले. "पोराचं भलं होत असेल तर म्हणतो की मी."

कॅमेऱ्यासमोर अण्णा म्हणाले, "याचे नाटकातले कपडे मी कात्रीनं फाडले होते. या हातांनी." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बोलताना त्यांचा आवाज फाटला. शेजारी बसलेल्या धाकट्याला स्वतःचं वाक्यसुद्धा आठवेना. सगळे गेल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "जमलं का रे?"

जमलं, नको इतकं जमलं. धाकट्याला मोठमोठ्या लोकांचे फोन येऊ लागले. अण्णांची जुनी गिऱ्हाइकं मात्र रस्ता बदलून जाऊ लागली. शेजारची वहिनी शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला आली, तेव्हा अण्णांनी ते नीट घडी घालून दिलं. जेवताना म्हणाले, "तुला डॉक्टर चिकटला ना, तसा मला हा बाप चिकटला."

धाकटा ताटावरून तसाच उठला.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला तो माईक घेऊन उभा राहिला. समोर खचाखच गर्दी. कडेला उभी असलेली पब्लिसिटीवाली नको, नको अशी मान हलवत होती.

"ती बातमी खोटी आहे," तो म्हणाला. "अण्णांनी मला कधी हाकललं नाही. माझे कपडे त्यांनी शिवले, फाडले नाहीत. हा अंगातला शर्टही त्यांनीच शिवलाय. चूक माझी आहे. मी गप्प बसलो."

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले, कुणी डोळे पुसत होते. "अहो, खरं सांगतोय मी!" धाकटा ओरडला, तशा टाळ्या आणखीच वाढल्या.

आमच्या मागच्या रांगेतल्या एक बाई वाकून अण्णांना म्हणाल्या, "बघा, किती मोठं मन आहे मुलाचं. अजून तुम्हाला पाठीशी घालतोय."

मी तडकून मागे वळले. अण्णांनी माझा हात दाबून धरला.

"हो ना," ते त्या बाईंना म्हणाले. "माझंच चुकलं होतं."