शेळीसारखा बैल

अक्षरा गेल्यावर चौदा महिन्यांनी वीरेशच्या हातून एक चूक झाली. तिनं त्याच्या पोटरीवर गोंदलेला बैल त्यानं स्वतःच गिरवला.

नांदेडात वीरेशचं टॅटूचं दुकान. त्याच्या हाताखाली दोन मुली काम शिकल्या. लातूरची महानंदा आधी आली आणि तिच्यामागून दोन महिन्यांनी देवणीची अक्षरा. शिकाऊ लोक डुकराच्या कातड्यावर हात बसवतात. या दोघी लिंगायताच्या घरच्या, त्यांनी त्या कातड्याला शिवायलाही नकार दिला. मग केळीच्या साली आल्या, दुधी भोपळे आले. अर्ध्या भोपळ्यावर शाई चालायची आणि उरलेल्या अर्ध्याची भाजी दुसऱ्या दिवशी डब्यात यायची.

दुकानाचा एक कायदा होता. जिवंत कातडीवरची पहिली रेघ शिकवणाऱ्याच्या अंगावर काढायची, गिऱ्हाइकाच्या नाही. दहा वर्षांपूर्वी तो दिवस आला तेव्हा वीरेशनं डावा पाय स्टुलावर ठेवला आणि विचारलं, "कुणाचा नंबर?"

नंबर महानंदाचा होता. ती म्हणाली, "सर, आज माझा हात बरा न्हाई. हिलाच द्या."

अक्षरानं वडिलांच्या गोठ्यातला देवणी जातीचा बैल काढला. छापाचा कागद न लावता, थेट हातानं. तिचा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापत होता. एक शिंग जाड झालं, एक बारीक. पाठ मध्येच खचली आणि गळ्याखालच्या कातडीची पोळी खुरापर्यंत लोंबली.

"हा बैल हाय का शेळी?" वीरेशनं विचारलं.

"बैलच हाय, सर. तुमची पोटरीच वाकडी हाय."

वर्षभरात त्यांचं लग्न झालं. हात का कापत होता ते तिनं लग्नानंतर सांगितलं. "शिकाऊ व्हते म्हणून न्हाई. तुमचा पाय हातात धरला व्हता म्हणून." पुढे तिचा हात इतका बसला की परभणीहून लोक तिच्याकडे यायचे. पण त्या बैलाला तिनं कधी हात लावू दिला नाही.

मग डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत ती गेली.

पंधराव्या दिवशी वीरेशनं दुकान उघडलं. लोक नावं गोंदवायला येत, तो गोंदून देई. कुणी जेव म्हटलं तर जेवायचा. रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती. आंघोळ करताना मात्र तो रोज पोटरीकडे बघायचा. रेघा पसरत चालल्या होत्या. बारीक शिंग तर जवळजवळ पुसटलं होतं. हेही जाईल, एवढंच त्याला कळत होतं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं सवयीनं पोटरीवर भुलीचं मलम लावलं, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि गिऱ्हाइकाला बसवतो तसं स्वतःला अर्धा तास बसवलं. मग मशीन घेतलं. पायाला काही कळत नव्हतं. वीस वर्षं बसलेला हात होता, तो चालत राहिला. शिंग पातळ होतं तिथं भरलं. पाठ खचली होती तिथं उचलली. शाई पुसून त्यानं पाहिलं तर पोटरीवर चांगला ताठ मानेचा देवणी बैल उभा होता.

शेजारच्या मोबाईलच्या दुकानातला नासिर चहा घेऊन आला. बघून म्हणाला, "वीरेशभाई, क्या बात हाय. आधीची ती बकरी कुठं गेली?"

वीरेशनं चहा घेतला. तो गार होईस्तोवर हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं लातूरची एसटी धरली. महानंदाचं दुकान गंजगोलाईजवळ, वरच्या मजल्यावर होतं. तिच्या कानाच्या पाळ्या ताणून मोठ्या केलेल्या, त्यांत लाकडी कड्या. एकदा लग्न होऊन मोडलं होतं. नवऱ्याचं गोंदलेलं नाव तिनं स्वतःच वर मोर काढून झाकलं होतं. अक्षरा गेल्यापासून ती दर रविवारी वीरेशला फोन करून दोनच प्रश्न विचारायची. जेवलात का? काय जेवलात?

वीरेशनं पँट वर केली. ती खाली वाकली.

"काय करून ठेवलं, सर?"

"चूक झाली. तू तिचा हात वळखतीस. तसाच काढ."

"ह्याच्यावर न्हाई जमणार. शाई आत गेलेली काढता येत न्हाई, तुम्हीच शिकवलंय."

"मग खाली काढ. जागा हाय."

तिच्या फोनमध्ये त्या दिवशी काढलेला बैलाचा फोटो होता. तो समोर ठेवून तिनं आधी रबरी कातड्यावर काढून पाहिलं. तीनदा. तिन्ही बैल देखणे आले.

"हात चुकायचंच इसरला, सर."

"पायावर काढ. मलम नको."

तिनं पोटरीचा खालचा भाग वस्तऱ्यानं साफ केला, डाव्या हातानं पाय धरला आणि मशीन सुरू केलं. सुई टोचत होती, पण जणू शेजारी बसलेल्या कुणाला टोचत असावी इतपतच. तो फोटोकडे बघत होता. शिंगं झाली. वशिंडापाशी रेघ एकदम हलली. पुढे पाठीवर पुन्हा हलली. महानंदानं मशीन उचललं आणि मान वर केली नाही.

"काय झालं?" वीरेशनं विचारलं.

"काही न्हाई."

"रबरावर तीनदा सरळ आलं की."

मशीन तिच्या हातात तसंच गुणगुणत होतं. तिनं ते बंद केलं.

"त्या दिवशी नंबर माझा व्हता, सर," ती म्हणाली. "हात बरा व्हता माझा. पाय धरला असता तर हात कापायला लागला असता, आन तुम्हाला कळलं असतं."

वीरेशनं पोटरीकडे पाहिलं. वाकडी रेघ होती, पण ती अक्षराची नव्हती. अक्षराच्या बैलाची पाठ मध्ये खचली होती, ह्याची मानेमागेच खचली होती. तिची रेघ आता कुणालाच काढता येणार नव्हती, महानंदालाही नाही. हे त्याला कालपासून माहीत होतं, एसटीतही माहीत होतं. आता ते समोर दिसत होतं.

"तिला ठाऊक व्हतं?" त्यानं विचारलं.

"हाव. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली. माफी मागत व्हती येडी."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा एकच भाव पुन्हापुन्हा सांगत होता. महानंदानं कापसानं रक्त आणि शाई पुसली.

"सरळ करून देते," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम हाय."

तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. वीरेशनं पाय थोडा मागं घेतला.

"न्हाई," तो म्हणाला. "ते तसंच राहू दे. पुढचं काढ."

"पुढचंबी असंच येईल."

"येऊ दे."

तिनं पुन्हा पाय धरला. त्यानं फोटोचा फोन उलटा करून ठेवला.