जवारी काढताना

वैशाखातल्या शनिवारची सकाळ. मिरजेवर ऊन उतरले ते एखाद्या मोठ्या शुभ्र पक्ष्यासारखे. आधी घुमटांवर टेकले, मग कौलांवर, मग गल्लीत वाळत घातलेल्या जांभळ्या लुगड्यांवर. आणि मग पंख पसरून सगळ्या शहरावर बसले. कडुनिंबाच्या सावल्या अंग चोरून बुंध्याशी आल्या. कुठेतरी कानस घासत होती. खर्र, खर्र. उन्हालाच कोणी धार लावत असावे तशी.

धुळीने माखलेली एक करडी गाडी सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी थांबली, आणि बराच वेळ तिच्यातून कोणी उतरले नाही.

सुहिता मंगळवारी ठाण्याहून निघाली होती. एकटीच. वाटेत मुक्काम करत दक्षिणेकडे जायचे, एवढेच ठरले होते. पुढे रस्ता वितळत होता, दोन्हीकडे गुलमोहर जळत होते, आणि मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून पट्ट्याने बांधलेला आईचा तंबोरा प्रत्येक वळणावर हलकेच कण्हत होता. दोन दिवस मिरज, मग विजापूर, मग बदामी, असे तिने लॉजच्या वहीत लिहिले. आपण इथेच का थांबलो, हे तिने स्वतःला अजून सांगितले नव्हते.

आई माघात गेली. तेरावा झाल्यावर सुहिताने घर पुसले. पुस्तके पुसली, तसबिरी पुसल्या, तंबोराही पुसला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, चार तारांखाली, चार मळके दोरे अडकले होते. तिला तो केर वाटला. चिमटीने ओढून तिने ते सुपलीत टाकले. मग सहज तार छेडली, आणि घर दचकले. नुसताच सुका, लाकडी टणत्कार. झुळझुळणारे, दरवळणारे, तारेमागे लांबवर तरंगत जाणारे जे काही होते, ते गेले होते.

जन्मभर ती त्या नादात वाढली होती. त्या नादाचा दोरा मात्र तिला ठाऊक नव्हता. आई तो सरकवत असताना ती शेजारीच बसलेली असे, पुस्तकात डोके घालून.

आढ्याला तंबोऱ्यांसाठीचे भोपळे टांगलेल्या एका दुकानात सतारमेकर दस्तगीरचाचांनी गोधडी उलगडली. सत्तरीचे, कृश, भुवयांपर्यंत पांढरे. तंबोरा आडवा घेऊन त्यांनी एकच तार छेडली आणि डोळे मिटले.

"वाजवत कोण हुतं?"

"आई."

"मग त्यास्नीच आणायचं की. ज्याचा गळा, त्यानंच बसावं समोर."

सुहिता गोधडीची घडी घालू लागली. आतून एक ठसकेबाज आवाज आला, "अवो, पाणी तर द्या आधी! सगळ्या मुलखाचा सूर लावतासा, आन् घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई." जैतूनचाची तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या, सुहिताकडे पाहिले, आणि त्यांचे हसू अर्ध्यावर थांबले. "कधी गेल्या, बाळ?"

"माघात." मग, न विचारताच, तिने दोऱ्यांचे सांगितले. तीन महिने कुणालाही न सांगितलेले.

चाचा मान हलवत राहिले. "दोऱ्याचं काय घिऊन बसलाय, ताई! शिवणाचा दोरासुदिक चालतोय. दुखणं हितं हाय." त्यांनी तारा बाजूला सारल्या. सांबरशिंगाच्या घोडीवर चार चरे होते, केसाएवढे, गुळगुळीत, खोल. "रोज पहाटं बसायच्या न्हवं? तारंनं खाल्लंय. दोऱ्यावर कसंबसं चाललं हुतं. आता घोडी घासून जवारी काढायला पायजे, तवाच तार घुमंल."

"आणि हे चरे?"

"जातील."

"ते ठेवून नाही होणार?"

"चरे ठेवा, न्हाईतर नाद ठेवा. दोन्ही कसं ऱ्हाईल?"

उद्या सांगते, म्हणून ती उठली.

संध्याकाळी ती कृष्णेच्या घाटावर बसली. पाणी आटले होते. वाळूत कलिंगडांचे ढीग होते, आणि एक बाई कलिंगडावर टिचक्या मारून, कान लावून, एकेक बाजूला ठेवत होती. आई कुठे होती? त्या चार चऱ्यांत होती, की त्यांतून उठून गेलेल्या नादात? हाडावर कोरलेली पन्नास वर्षे घासून टाकायची आणि बदल्यात काय मागायचे? एक आवाज, जो तिचा नसेल? की जपून ठेवायचे ते मुके चरे, आणि रोज पुसायचे? सुहिताने खूप वाचले होते. शोकाविषयी तर फारच. त्यातले एकही वाक्य त्या वाळूत उभे राहिना. सूर्य नदीत विरघळला, तांबूस, मग राखी, मग नुसताच ओला. आणि तिला काहीच उमगले नाही.

रविवारी सकाळी ती आली. बसली. पदराला हात पुसावेत तसे कोरडेच हात कुर्त्याला पुसले.

"काढा," ती म्हणाली. हे आपण म्हणालो, याचे तिलाच नवल वाटले.

कानस चालू लागली. खर्र, खर्र. चाचांच्या निळ्या लुंगीवर पांढरी भुकटी पडू लागली, पिठासारखी, चांदण्यासारखी, भस्मासारखी. एक चरा गेला. दुसरा. तिसऱ्याला तिने डोळे मिटले, चौथ्याला उघडले. घोडी कोरी होती, बाळाच्या नखासारखी.

तारा परत चढल्या, त्यांच्याखाली नवे दोरे. चाचांनी खुंटीवर हात ठेवला. "सूर कुठला?"

"काळी पाच."

"ती आईंची झाली. आता वाजवणार कोण?"

गल्लीतून एक सायकल गेली. जैतूनचाचींच्या हातातली कपबशी वाजायची थांबली.

"मी," सुहिता म्हणाली.

"मग तुमची पट्टी सांगा. त्याबिगार जवारी बसत न्हाई."

तिला आपली पट्टी माहीत नव्हती. चाळिसाव्या वर्षी माहीत नव्हती. "मी गात नाही," ती म्हणाली.

"गा की, पोरी," चाची म्हणाल्या, "ह्या भिंतींनी मोठमोठ्यास्नी बेसूर झालेलं ऐकलंय."

तिने आईचा षड्ज धरून पाहिला. आवाज चढला, थरथरला, फाटला. पुन्हा पाहिला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तिने काहीच धरले नाही. आवाज आपसूक खाली उतरला, एक पायरी, आणखी एक, आणि घोगरा, रुंद, अनोळखी, कुठेतरी टेकला.

चाचांनी खुंटी सैल केली. तार तिच्यापाशी उतरू लागली. जे उंच होते ते खाली येत होते. आई दूर जात होती की जवळ येत होती, हे तिला कळेना, आणि न कळताच तिचा श्वास लांबत गेला. चाचांच्या नखाने दोरा किंचित सरकला.

"हे बरोबर आहे का, चाचा?"

"मला काय इचारतासा? सूर सोडू नका."

आणि नाद उमलला. तो आईचा नव्हता. नीटसा तिचाही नव्हता. आढ्याला टांगलेले, अजून न चिरलेले, अजून कुणाचेच न झालेले भोपळे त्या नादाने पोटातल्या पोटात घुमू लागले, एकामागून एक, मंद, अगदी मंद; आणि त्यांच्याखाली डोळे मिटून बसलेली ती, श्वास संपेपर्यंत, सा म्हणत राहिली.