तीन की आठ

दुपारी अडीचच्या सुमारास नौपाड्यातली ती पॅथॉलॉजी लॅब जरा शांत व्हायची. सकाळची उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली मंडळी कधीच घरी गेलेली असायची आणि संध्याकाळची रांग लागायला वेळ असायचा. समीक्षाने डबा धुऊन ठेवला, मागच्या खोलीत फ्रीजशेजारी स्टूल ओढलं आणि आईला फोन लावला.

तिची आई, मालन, ठाकुर्लीला दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. वडील जाऊन दोन वर्षं झालेली. मागच्या महिन्यात भरदुपारी तळमजल्यावरचं घर फोडलं, तेव्हापासून समीक्षाचं कामात लक्ष लागेना. शेवटी तिने डोंबिवलीच्या धनेशला गाठून आईकडे चार कॅमेरे बसवून घेतले. त्याच दिवशी सकाळी येऊन त्याने सगळ्या वायरी ओढल्या, टीव्हीखाली रेकॉर्डिंगची पेटी ठेवली आणि निघून गेला. इंटरनेटवाला त्याच्यानंतर आला, त्यामुळे मोबाइलवर घर बघायची सोय तेवढी राहून गेली.

"एकदम सोप्पंय मॅडम," धनेश फोनवर म्हणालेला. "ॲप टाका, पेटीच्या बुडाला नंबर आहे तो टाका. युजरनेम ॲडमिन, पासवर्ड धनेश वन टू थ्री. मग कुठूनपण बघा."

आईचा फोन बटणांचा, त्यामुळे फोटो पाठवायचा प्रश्नच नव्हता. तिने पेटी उचलून उलटी केली, चष्मा चढवला आणि एकेक आकडा वाचायला लागली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"पाच, शून्य, शून्य, सात... आणि शेवटी आठ. थांब, तीन की आठ गं हे?"

"आई, नीट बघ ना."

"तीन. तीनच आहे. केवढे बारीक छापतात मेले."

समीक्षाने नंबर टाकला, पासवर्ड टाकला. एक चक्र फिरत राहिलं आणि मग स्क्रीनवर चार चौकोन उघडले. दाराबाहेरचा पॅसेज, हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी.

"आई, दिसलं!" ती आनंदाने ओरडली. "तू कुठेयस?"

"हॉलमध्ये. टीव्हीपाशी."

हॉलच्या चौकोनात आई नव्हती. टीव्हीचा कोपरा कॅमेऱ्यात येत नसेल असं म्हणत तिने तो चौकोन मोठा केला. सोफ्याच्या मागून जमिनीवर दोन पाय बाहेर आलेले होते. पुरुषाचे पाय. चट्टेरी लेंगा, अनवाणी तळवे.

कोणीतरी सोफ्यामागे आडवं होऊन लपलं होतं.

"आई," तिने आवाज अगदी खाली आणला. "काही बोलू नकोस. फोन हातात तसाच ठेव. दार उघड आणि बाहेर जा. सरळ समोरच्या सूरजकडे जा."

"का गं? काय झालं?"

"जा म्हटलं ना! चपलासुद्धा घालू नकोस."

फोनमधून कडी निघाल्याचा आवाज आला. समीक्षाची नजर दाराबाहेरच्या चौकोनावर खिळली. आता दार उघडेल, आता आई बाहेर येईल. दार बंदच होतं. पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं.

"आले गं बाहेर," आई धापा टाकत म्हणाली. "सूरजची बायको दार उघडतेय. आता तरी सांग."

स्क्रीनवरचं दार तसंच बंद.

समीक्षाला क्षणभर काही कळेना. मग तिने हॉल पुन्हा उघडला आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. सोफा तपकिरी होता. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असायला हवा होता, तिथे भलंमोठं घड्याळ होतं. बाल्कनीतून समोर उंचच उंच टॉवर दिसत होते. ठाकुर्लीच्या घरासमोर तर रेल्वेची भिंत आहे.

ते घर आपलं नव्हतंच. आपण भलत्याच कोणाच्या घरात डोकावतोय हे लक्षात येताच तिला चटका बसल्यासारखं झालं. ती ॲप बंदच करणार होती, तेवढ्यात त्या दोन पायांतला एक हलला. सोफ्यामागून एक हात वर आला, सोफ्याची कड धरायला गेला आणि घसरून खाली पडला.

तो माणूस लपलेला नव्हता. पडलेला होता.

"आई, नंतर बोलते," म्हणून तिने फोन ठेवला आणि धनेशला लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. काय झालं ते तिने एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आधी ते बंद करा."

"अहो, माणूस पडलाय तिथे!"

"तुम्ही दुसऱ्याच्या घरात बघताय, कळतंय का? केस होईल. माझ्यावरपण होईल."

"माझ्या पासवर्डने त्यांचं घर उघडलंच कसं, धनेश?"

"ते... ते काय आहे मॅडम..."

"सगळ्यांना एकच ठेवलाय ना तुम्ही?"

"एका लॉटमधल्या बारा पेट्या होत्या," तो चाचरत म्हणाला. "लोक पासवर्ड विसरतात, मग मलाच फोन करतात, म्हणून... ठाण्यात लावल्या, कल्याणला लावल्या. कुठला नंबर कोणाकडे, मला पाठ नाही. बघून सांगतो." आणि त्याने फोन कट केला.

एकशेबारा लावला असता. पण पत्ता काय सांगणार? एक तपकिरी सोफा?

तिने स्वयंपाकघराचा चौकोन मोठा केला. गॅसवर पातेलं होतं आणि त्यातून काळपट धूर वर चढत होता. शेगडीशेजारी खिडकीचा पडदा, धूर त्याला लागूनच. ओट्यावरचे डबे पुसट व्हायला लागले होते.

स्क्रीनच्या खाली छोट्या माइकचं चित्र होतं. ते कशासाठी ते धनेशने सांगितलं नव्हतं. हॉलचा चौकोन उघडून तिने त्याच्यावर बोट दाबून धरलं.

"काका! ऐकू येतंय का?"

दोन सेकंद काहीच नाही. मग ते पाय दचकून आखडले. तिने बोट काढलं, तर खरखरीतून एक म्हातारा आवाज आला.

"कोन हाय? कोन गो?"

"मी समीक्षा. तुमच्या कॅमेऱ्यातून बोलतेय. घाबरू नका. कुठे लागलंय?"

"खुबा... पाय हालत नाय. दूध ठेवलंय गॅसवर..."

"नाव काय तुमचं? राहता कुठे?"

"परशुराम भोईर. बाळकुम." पुढचं सगळं खोकल्यात गेलं. तिने दोनदा इमारतीचं नाव विचारलं, दोन्ही वेळा आवाज तुटला. धूर आता हॉलच्या छतालाही दिसायला लागला होता.

"काका, घरात अजून कोण आहे?"

"विनीत कामावर... पोरगा..."

"चावी? शेजारी कोणाकडे चावी आहे?"

"समोर. विमलाबाय."

समीक्षाने दाराबाहेरचा चौकोन उघडला. पॅसेजमध्ये समोरासमोर दोन दारं. या कॅमेऱ्याला आवाज असेल की नाही, देव जाणे. तिने बोट दाबलं आणि जितकं ओरडता येईल तितकं ओरडली.

"विमलाबाई! विमलाबाई, दार उघडा!"

लॅबच्या काउंटरवरचा माणूस दारात येऊन बघायला लागला. तिने त्याला हातानेच थांब म्हणून खुणावलं. पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. समोरचं दार किलकिलं झालं. कणकेने माखलेले हात अंगापासून लांब धरून एक बाई बाहेर आली. जिन्याकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं, कोणीच नाही म्हणून परत आत वळली.

"दार लावू नका! वर बघा, कॅमेऱ्यात!"

बाई दोन पावलं मागे सरकली. "कोण आहे? काय फाजीलपणा लावलाय?"

"परशुराम काका आत पडलेत. त्यांचा खुबा गेलाय. गॅस चालू आहे, घर धुराने भरतंय. तुमच्याकडे चावी आहे ना?"

"तुम्ही कोण?"

"ते नंतर सांगते. आधी चावी आणा!"

"असं कसं?" विमलाबाईंनी हनुवटी वर केली. "रोज पेपरात वाचते मी. असंच काहीबाही सांगून दार उघडायला लावतात. मी आधी विनीतला फोन करते."

आणि ती खरंच आत गेली. समीक्षा रिकाम्या पॅसेजकडे बघत राहिली. बाई चुकत नव्हती. ती स्वतः तिथे असती तर तिनेही तेच केलं असतं, आईला तर तिनेच बजावून ठेवलं होतं, अनोळखी माणसाने काहीही सांगितलं तरी दार उघडायचं नाही. हॉलच्या चौकोनात परशुराम खोकत होते आणि प्रत्येक खोकल्याला त्यांचा तो एक पाय आखडत होता.

विमलाबाई फोन कानाला लावून पुन्हा बाहेर आली. "उचलत नाहीये."

"विमलाबाई, माझ्यावर विश्वास ठेवू नका," समीक्षा म्हणाली. "फक्त त्यांच्या दाराच्या फटीला नाक लावा. एवढंच करा."

बाई थबकली. मग गुडघ्यावर हात टेकून वाकली, दाराच्या खालच्या फटीशी तोंड नेलं आणि झटकन मागे आली.

"अगं बाई!"

पुढचं सगळं समीक्षाने त्या चार चौकोनांत पाहिलं. विमलाबाई चावी घेऊन धावत आली. कणकेच्या बोटांनी ती कुलपात शिरेना, तिने पदराला हात पुसले, पुन्हा लावली. दार उघडलं. पदर तोंडावर धरून ती आधी स्वयंपाकघरात घुसली, धुरात एक आकृती शेगडीशी वाकलेली दिसली, मग खिडक्या धाडधाड उघडल्या. पडद्याची एक कड काळी पडली होती, पेटला नव्हता. मग ती हॉलमध्ये येऊन जमिनीवर बसली आणि परशुरामांचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"विमलाबाई, पत्ता सांगा, मी ॲम्ब्युलन्स बोलावते."

यावेळी तिने छताकडे बघून पत्ता सांगितला, मजल्यासकट, पिनकोडसकट.

ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन पॅसेजमध्ये आल्यावर समीक्षाने ॲप बंद केलं. तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. फोन सायलेंटवर होता आणि आईचे सतरा मिस्ड कॉल होते.

ठाकुर्लीला एव्हाना अख्खी बिल्डिंग जमली होती. सूरज बॅट घेऊन मालनच्या घरात शिरला होता, पलंगाखाली, मोरीत, माळ्यावर, सगळीकडे बघून आला होता. मालन अनवाणी जिन्यात बसून होती.

"चाळीस मिनिटं," ती फोनवर रागाने म्हणाली. "चाळीस मिनिटं मला वाटत होतं, घरात चोर आहे आणि तू फोन उचलत नाहीस. तुझंच काही बरंवाईट झालं असं वाटायला लागलेलं मला."

समीक्षाने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपलं घरपण असंच कोणी बघू शकतं?"

"हो."

सूरजला फोन द्यायला सांगून समीक्षाने रेकॉर्डिंगच्या पेटीची वायर काढायला लावली.

संध्याकाळी सहाला विनीत भोईरचा फोन आला. त्याने धनेशकडून नंबर मिळवला होता. बाप ऑपरेशनला जायचा होता, आणि पोरगा दवाखान्याच्या बाहेर उभा राहून बोलत होता. आधी त्याने आभार मानले. मग विचारलं, "तुम्ही किती दिवस आमचं घर बघत होता?"

"आज पहिल्यांदा. एक आकडा चुकला माझा."

"हे मी कसं मानू?"

तिच्याजवळ पुरावा नव्हता. तिने त्याला धनेशची बारा पेट्यांची गोष्ट सांगितली, त्याचा एकच पासवर्ड सांगितला. मग विनीत म्हणाला, "माझी बायकोपण त्याच हॉलमध्ये वावरते." आणि फोन ठेवला.

रविवारी धनेश बाळकुमला विनीतच्या घरी आला. समीक्षाने दोघांनाही फोन करकरून ही भेट घडवून आणली होती. तक्रार करणं विनीतचा हक्क होता, पण त्याआधी बाकीच्या दहा घरांना कळायला हवं, असं तिचं म्हणणं होतं. धनेश घाम पुसत सोफ्याच्या टोकावर बसला. वॉरंटी कार्डांची चळत त्याने आणली होती.

"पासवर्ड बदलून देतो ना सगळ्यांचे, गुपचूप," तो म्हणाला. "कोणाला सांगायची काय गरज आहे? धंदा बसेल माझा."

"स्पीकरवर टाका," समीक्षा म्हणाली. "आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगा."

दहा फोन झाले. एकाने शिव्या घातल्या. एकाला विषयच कळला नाही, त्याला तीनदा समजवावं लागलं. एक आजोबा म्हणाले, बघू दे की, आमच्याकडे बघण्यासारखं आहे काय. आठवा फोन कल्याणच्या एका बाईंना होता. धनेशने पाठ झालेलं सगळं म्हणून दाखवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"बेडरूममधला कॅमेरा तुम्हीच लावायला लावलेला," त्या म्हणाल्या. "बाळ झोपतं म्हणून. मी तिथे त्याला दूध पाजते." मग त्यांनी विचारलं, "कोणी बघितलंय का?"

"माहीत नाही ताई," धनेश म्हणाला, आणि डोकं खाली घातलं.

विनीतने त्याला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाला, "उद्या मी पोलीस स्टेशनला जाणार आहे."

"मीपण येते," समीक्षा म्हणाली. "मी काय पाहिलं आणि कसं पाहिलं, ते माझ्याच तोंडून सांगते."

धनेशने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती त्याच्या बाजूची असायला हवी होती. मग त्याने उरलेले दोन फोन लावले.

निघताना ती आतल्या खोलीत डोकावली. कालच घरी आणलेले परशुराम उशांना टेकून पडले होते, पायाखाली लोड. त्यांनी तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला, पण आवाज ओळखला.

"बस गो पोरी," ते म्हणाले. "चा घेऊन जा. सुनेनं ठेवलाय."

ती पलंगाशेजारी बसली.