कोपऱ्यातली फुली

मित्रांनो, मोबाइलवर जाहिरात आली की तुम्ही जिला शोधत बसता, ती कोपऱ्यातली फुली मी. आता चांगली जुनी झाले आहे.

एका चित्रकार ताईने मला संगणकावर काढले, तेव्हा मी ठसठशीत, काळीभोर होते. तिचे साहेब मात्र हसले. "ही केवढी ढोबळी! लगेच सापडली तर जाहिरात कोण बघणार?" झाले! मला मोहरीएवढे केले, करड्यावर करडे रंगवले आणि शेजारी 'पुढे' असे हिरवेगार बटण बसवले. मला दाबायला आलेले बोट नेमके त्याच्यावर पडे आणि माणूस मोबाइलवरच्या भलत्याच दुकानात पोहोचे. ऑफिसात त्या बटणाचे कोण कौतुक! माझ्या वाट्याला लोकांच्या शिव्या.

ताईची मावशी तेव्हा मोठ्या आजारातून उठली होती. तिचा उजवा हात थरथरत असे. बोटांचे व्यायाम ती मोबाइलवर बघून करायची आणि मध्येच आमची जाहिरात टपकायची. शेवटी तिने व्यायामच सोडला. ताई भेटायला आली, तर मावशी म्हणाली, "नको गं आता. साधी फुली दाबता येत नाही मला. हा हात काही सुधारत नाही."

ताईने मोबाइल घेतला आणि मला पाहताच ओळखले. तिचा चेहरा उतरला. "मावशी, तुझा हात नाही चुकत. हे आम्हीच असं केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात ताईने साहेबांपुढे मोबाइल धरला. "माझ्या मावशीचा हात थरथरतो. तुम्ही ही जाहिरात नुसत्या डाव्या हाताने बंद करून दाखवा." साहेब दुकानात गेले. परत आले, पुन्हा दुकानात गेले. मग कपाळ पुसत म्हणाले, "कर बाई मोठी."

ताईच्या आग्रहाने मावशीने पुन्हा व्यायाम लावला. पुढच्या जाहिरातीला तिचे बोट थरथरतच आले आणि बरोबर माझ्यावर टेकले. जाहिरात मिटली. "जमलं गं बाई!" ती एकटीच ओरडली आणि व्यायामाला लागली. त्या बोटाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्याच्यामुळे मला माझे खरे काम करायला मिळाले.

मित्रांनो, चमचमणारे बटण दिसले की घाई करू नका. आधी चारही कोपरे बघा, बारीक अक्षरातला 'जाहिरात' हा शब्द शोधा. मी सापडलेच नाही, तर सरळ मागे फिरा. घरात कोणाचे बोट चुकले तर हसू नका. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी मोबाइलचे असे पडदे रंगवायला बसलात, तर मला दिसेल एवढी काढा. पलीकडे कोणाची तरी मावशी आपला हात सुधारतोय का, ते बघत असते.