लाडवाच्या डब्यात कोंडलेला मोबाईल

मी एक जुना मोबाईल आहे आणि स्वभावाने पक्का घाबरट आहे. मित्रांनो, हसू नका. टॉवर सापडेनासा झाला की माझी बॅटरी भराभर उतरते, काचेवर पाणी पडले की मला बोट ओळखू येत नाही आणि चार फोटो जास्त झाले की माझे पोट भरते. माझ्यासारख्याने निर्धास्त राहायचे तरी कसे?

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. आदर्शने मला कोल्हापुरातल्या दुकानातून घेतले आणि मित्रांमध्ये मिरवले. पुढे नवा मोबाईल आला, तशी माझी रवानगी त्याच्या बायकोकडे, क्रांतीकडे झाली. ती मला पिठाच्या हातानेही उचलायची, पण मायेने. त्यांचे घर कुरुंदवाडजवळच्या मळ्यात. चहूकडे ऊस, त्यामुळे मला रेंजची एखादीच काडी मिळायची. तेवढ्यावर मी निभावून नेले.

यंदा कृष्णेचे पाणी मळ्यात शिरले. आदर्श हातकणंगल्याला कामावर अडकला. घरात क्रांती आणि तिची सासू धोंडुबाई, दोघीच. त्यात क्रांतीचे दिवस भरलेले. दोघी वरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसल्या, तेवढ्यात आदर्शचा फोन आला.

"आकाराममामा नाव घिऊन येतोय. त्यो फोन करंल, कुठनं यायचं ते नीट सांग. फोन लागला न्हाई तर तुम्ही आधीच भाईर पडलाय असं समजून दुसरीकडं जाईल बघ."

माझ्या छातीत धस्स झाले. सगळा भार माझ्यावर! त्यात पत्रा गळायला लागला.

"मागल्या पुरात माझा फोन भिजून मेला. ह्येला म्या भिजू द्याची न्हाई," धोंडुबाई म्हणाली. तिने मला पदराने पुसले, लाडवाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले आणि झाकण दाबून बसवले. "वाजला की काढू."

बिचारी मला जपत होती. पण त्या स्टीलमधून टॉवरची हाक आत येत नाही, हे तिला कोण सांगणार? मी वाजणार तरी कसा? टॉवर हरवला की मला गप्प बसवत नाही. मी सगळी ताकद लावून शोधत राहतो. अंग तापले, बॅटरी उतरत चालली. बाहेर क्रांती कण्हत होती. तिकडे आकाराम फोन लावत असेल आणि त्याला मी 'संपर्क क्षेत्राबाहेर' असल्याचे ऐकू येत असेल, या विचाराने माझा जीव नुसता गुदमरत होता.

"आत्ती, अजून फोन कसा आला न्हाई? बघा की," क्रांती म्हणाली.

"वाजलाच न्हाई तर काय बघू?"

"तरी काढा त्येला!"

झाकण निघाले. एक काडी आली आणि पाठोपाठ आकारामचा फोन! क्रांतीने बोट फिरवले, पण बोट ओले, काच ओली. मला काही कळेना. मी वाजतोय, ती घासतेय. शेवटी धोंडुबाईने कोरड्या वाकळेने माझी काच आणि सुनेचे बोट पुसले, तेव्हा कुठे फोन उचलला गेला.

"पोरी, कुठं हाईस? फोन लागंना म्हणून म्या म्हागारी फिरलोय!"

"मामा, आम्ही घरातच हाय! हिरीकडनं येऊ नगा, पाण्याखाली तारा हायत. नारळाच्या बाजूनं..."

तिथेच माझी बॅटरी संपली. तिचे किती शब्द त्याच्यापर्यंत गेले, मला ठाऊक नाही.

मी जागा झालो तो दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार्जिंगला लावलेला. शेजारी धोंडुबाई एकटीच. क्रांती कुठे दिसेना. मी तर घाबरूनच गेलो.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा एखादा असेल. पाऊस वाढला की त्याला आधीच पोटभर चार्ज करा, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पण डब्यात कोंडू नका. वस्तू जरूर जपा, पण ती कशासाठी आहे हे विसरून जपू नका.

इतक्यात मी वाजलो. आदर्शच होता. धोंडुबाईने मला कानाला लावले.

"आये, आकाराममामा पोचला का? तुम्ही दोघी खुशाल हाय न्हवं?"

"पोचला की, नारळाकडनंच आला," धोंडुबाई म्हणाली आणि तिला रडूच फुटले. "पर दोघी न्हवं रं. आम्ही तिघी खुशाल हाय."